उन्हाळ्याआधी एसीची तयारी: आधी हवा, मग पाणी, मग वीज, गॅस सर्वांत शेवटी

एसी नीट थंड करत नाही म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, ‘गॅस कमी झाला असेल.’ पण एसीतला गॅस बंद नळ्यांमधून नुसता फिरत असतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही आणि वापरून संपत नाही. नळीला छिद्र पडलं किंवा जोड सैल झाला, तरच तो कमी होतो. धुळीचं तसं नाही. ती रोज साचते. पाणी वाहून नेणाऱ्या नळीत चिकट गाळ धरतो, आणि तारांचे स्क्रू तापण्या-निवण्याच्या फेऱ्यात हळूहळू ढिले होतात. म्हणून तयारीचा क्रम ठरलेला ठेवा: हवेचा मार्ग, पाण्याचा मार्ग, विजेचे जोड. तिन्ही नीट असूनही गारवा कमी पडला, तर गॅसकडे वळायचं.

खालची माहिती भिंतीवरच्या स्प्लिट एसीला, म्हणजे खोलीत इनडोअर आणि बाहेर आउटडोअर अशी दोन युनिटं असलेल्या एसीला धरून दिली आहे. विंडो एसीत हेच सगळे भाग एकाच पेटीत असतात, त्यामुळे तत्त्व तेच. फक्त धुण्यासाठी ती पेटी खिडकीतून बाहेर काढावी लागते, आणि ते दोघांचं काम आहे.

उन्हाचा कडाका सुरू होण्याच्या चार-सहा आठवडे आधी हे हाती घ्यावं. त्या वेळी बिघाड सापडला तर सुटा भाग मागवायला आणि तंत्रज्ञाची वाट पाहायला वेळ असतो. मात्र खोलीचं तापमान निदान २५ अंशांच्या आसपास असेल असा दिवस निवडा. गार दिवशी घेतलेल्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

धुण्याआधी एकदा मोजून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. साफसफाईनंतर फरक पडला की नाही, हे कळायचं तर आधीची स्थिती कागदावर हवी.

आधी आउटडोअर युनिटवर झाकण किंवा प्लास्टिक घातलं असेल तर ते काढा. झाकणासकट एसी चालू केला तर काही मिनिटांतच आतला दाब आणि तापमान धोक्याच्या पातळीला जातं. पंख्यात पालापाचोळा, दोरी किंवा पक्ष्याचं घरटं नाही ना, तेही पाहा. रिमोटमध्ये नवे सेल घाला आणि मोड ‘कूल’वरच आहे याची खात्री करा. ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’वर राहिलेला रिमोट हे ‘थंड होत नाही’ या तक्रारीचं नेहमी आढळणारं कारण आहे.

आता दारं-खिडक्या लावून एसी १८ अंशांवर, पंखा सर्वांत जोरात ठेवून २० मिनिटं चालवा. दांडीवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. इनडोअर युनिटच्या वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत जाते, तिथलं तापमान लिहा. मग खालच्या झडपांमधून बाहेर येणाऱ्या हवेत थर्मामीटरचं टोक धरा. प्लास्टिकला टेकवू नका आणि आत फिरणाऱ्या ब्लोअरपर्यंत नेऊ नका. दोन मिनिटांनी तोही आकडा लिहा. दोन्हींतला फरक हाच एसीच्या तब्येतीचा पहिला अंदाज.

सुस्थितीतल्या एसीत हा फरक साधारण ८ ते १२ अंश येतो. हवा कोरडी असेल तर १४ पर्यंत जातो आणि दमट असेल तर खालच्या बाजूला राहतो. दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतली वाफ पाण्यात बदलण्यात जाते: एक लिटर पाणी काढायला सुमारे ०.६८ किलोवॅट-तास इतकी उष्णता शोषावी लागते. त्यामुळे पावसाळी दिवशी फरक ८ दिसला म्हणून घाबरू नये, आणि कोरड्या दिवशी ८ दिसला तर समाधान मानू नये.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर हवेचं तापमान मोजत नाही. समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो. तोच हाताशी असेल तर हवेच्या झोतात कागदाची पट्टी काही मिनिटं लटकवून तिच्यावर नेम धरा.

फिल्टर आणि आतली कॉइल

काम सुरू करण्याआधी वीज एमसीबीवरून, म्हणजे वीजफलकावरच्या स्विचवरून बंद करा. रिमोटने बंद केलेल्या एसीत इनडोअरच्या सर्किटला वीज मिळतच राहते, आणि बऱ्याच इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग बदलणाऱ्या) एसीत आउटडोअरलाही. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून नळ्यांत फिरवणारा, आउटडोअरमधला पंप.

पुढचं झाकण वर उचललं की जाळीचे फिल्टर दिसतात. काढताना ते थोडे वर दाबून पुढे ओढायचे, म्हणजे साचलेली धूळ कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळीवर, सांडत नाही. कोमट पाण्याखाली धुवा, पण धार उलट्या बाजूने, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळलेल्या बाजूकडे सोडा. समोरून धार मारली तर धूळ जाळीत आणखी घट्ट बसते. तेलकट थर असेल तर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. ४० अंशांपेक्षा गरम पाणी वापरू नका आणि उन्हात वाळवू नका, कारण चौकट वाकली की कडेने फट राहते आणि धूळ तिथून आत शिरते. फिल्टरच्या मागे कोळशाच्या किंवा अतिसूक्ष्म जाळीच्या छोट्या पट्ट्या लावलेल्या असतील, तर त्यातल्या बहुतेक पाण्याने खराब होतात. त्या झटकायच्या किंवा बदलायच्या.

फिल्टर निघाल्यावर टॉर्च घेऊन कॉइलकडे तिरकं पाहा. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची रांग दिसेल, त्यांना फिन्स म्हणतात. पट्ट्यांमधून आरपार अंधारी फट दिसत असेल तर ठीक. करडा, नमदा घातल्यासारखा थर दिसत असेल तर फिल्टर धुऊन भागणार नाही.

कॉइल धुण्याआधी मऊ ब्रशने वरून खाली, पट्ट्यांच्या दिशेनेच, कोरडी धूळ काढा. आडवा ब्रश फिरवला की पट्ट्या वाकतात आणि तेवढ्या भागातून हवा जाणं बंद होतं. मग इनडोअरखाली पाणी गोळा करणारी सर्व्हिस बॅग बांधा. सर्किटची पेटी बहुतेक एसींत उजव्या बाजूला असते. ती जाड प्लास्टिकने गुंडाळून चिकटपट्टी लावा. मोटरही त्याच बाजूला असते, तिच्यावर थेट फवारा जाऊ देऊ नका. बागेत औषध फवारायचा हातपंप यासाठी उत्तम. दोन-तीन लिटर साधं पाणी वरून खाली सोडायचं. चिकट मळ असेल तर आधी सौम्य साबणाचं पाणी मारून दहा मिनिटं थांबा, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक असलेली रसायनं टाळा. फेस येऊन कॉइल चकचकीत झाल्यासारखी वाटते खरी, पण तो फेस ॲल्युमिनियम खाऊन आलेला असतो. पट्ट्यांच्या खाचांत त्याचा अंश उरला तर पुढे नळीला बारीक छिद्रं पडायला तेवढं पुरतं.

कॉइलवर एका छोट्या धातूच्या नळीत किंवा क्लिपमध्ये काळ्या वायरचा सेन्सर बसवलेला असतो. धुताना तो निसटला तर नेमका तिथेच परत बसवा. तो लोंबकळत राहिला तर कॉइलचं खरं तापमान यंत्राला कळत नाही. मग बर्फ धरला तरी कॉम्प्रेसर थांबत नाही, किंवा काही कारण नसताना थांबतो. ‘सर्व्हिसिंग केल्यापासून एसी बिघडला’ अशी तक्रार असेल तर हा सेन्सर आधी पाहावा.

खरी घाण मात्र ब्लोअरमध्ये दडलेली असते. खालच्या झडपा हाताने हळूच उघडून टॉर्च मारा. लांब रूळासारखा पंखा दिसेल, त्याला शेकडो लहान वक्र पाती असतात. प्रत्येक पात्याच्या खोलगट बाजूत धुळीचा आणि बुरशीचा थर बसला की पातं हवा पकडूच शकत नाही. रूळ फिरतो, आवाज येतो, पण हवा अर्धीच. थर एका बाजूला जास्त असेल तर युनिट थरथरतं आणि खडखड सुरू होते. कुबट वासाचं घरही हेच. जुन्या टूथब्रशने एकेक पातं घासा, रूळ हाताने थोडा थोडा फिरवत पुढे जा, मग फवाऱ्याने धुवा. फवारा मारताना रूळ हाताने धरून ठेवायचा. पाण्याच्या जोराने तो गरगर फिरू दिला तर टोकाचं बेअरिंग घासतं.

हवा कमी पडण्याचा परिणाम फक्त गारव्यावर होत नाही. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की तिचं तापमान शून्याखाली जातं आणि तिच्यावर दव पडायच्या ऐवजी बर्फ धरतो. बर्फामुळे हवा आणखी अडते. मग नळीतला द्रव गॅस पूर्ण वाफ न होताच कॉम्प्रेसरकडे परततो आणि तिथलं तेल पातळ करतो. धुळीने भरलेला फिल्टर अशा वाटेने कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो.

पाणी कुठे जातं?

दीड टनाचा एसी दमट हवेत तासाला एक ते दोन लिटर पाणी काढतो. ते कॉइलखालच्या पन्हाळीत पडून ड्रेन पाइपने बाहेर जायला हवं. पन्हाळी उथळ असते. नळी तुंबली की काही मिनिटांतच पाणी भिंतीवर उतरतं.

बाटलीने एक लिटर पाणी हळूहळू पन्हाळीत ओता आणि कुणाला तरी बाहेरच्या टोकाशी उभं करा. पाणी लगेच, सलग धारेत आणि जवळपास तेवढंच बाहेर यायला हवं. थांबून थांबून, गुटगुट आवाज करत येत असेल तर आत गाळ आहे किंवा नळीला पोट आलं आहे.

गाळ काढायला बाहेरच्या टोकाला ओला-कोरडा व्हॅक्यूम लावून ओढणं सर्वांत चांगलं. टोकाभोवती कापड गुंडाळून फट बंद करा आणि एक-दोन मिनिटं चालवा. आतून फुंकर मारली तर गाळ सुटतो खरा, पण बाहेरून उलटी हवा मारली तर तो पन्हाळीत परत येतो आणि कॉइलखाली पसरतो. नंतर अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर मिसळून ओता, अर्धा तास ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. ब्लीच नको, ते ॲल्युमिनियमला मारक आहे.

उताराची तपासणी डोळ्यांनी होते. दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार सलग हवा. मध्ये नळी वर चढून पुन्हा खाली येत असेल तर तिथे पाणी कायम साचतं आणि शेवाळ धरतं. बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर वर उचला. टोक बुडालं की नळीतल्या हवेला जायला वाट राहत नाही आणि पाणी अडतं. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला असेल तर टोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं सापडतं. ते तारेने फोडून काढा आणि टोकाला विरळ जाळी बांधा. बारीक जाळी गाळाने लवकर बुजते.

नळी साफ असूनही पाणी गळत असेल तर इनडोअर युनिट पातळीत आहे का, ते पाहा. ड्रेनच्या विरुद्ध बाजूला ते किंचित जरी झुकलं तरी पन्हाळी त्या बाजूने ओसंडते. आणखी एक जागा म्हणजे भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या. त्यांच्यावरचं फोमचं वेष्टण फाटलं असेल तर उघड्या नळीवर दव धरतं आणि थेंब खोलीत पडतात. फाटका भाग काढून ९ ते १३ मिलिमीटर जाडीचं नवं वेष्टण लावा. सांधे चिकटवून बंद करा आणि उन्हात येणाऱ्या भागावर ऊन सोसणारी टेप गुंडाळा. जाड आणि बारीक नळीला वेगवेगळं वेष्टण हवं, दोन्ही एकात कोंबू नयेत.

आउटडोअर युनिट

एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी. हा शब्द बर्फाच्या धंद्यातून आला आणि टिकून राहिला. त्या हिशेबाने दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता उचलतो. त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची साधारण दीड किलोवॅट मिळवा. जवळजवळ सात किलोवॅट उष्णता आउटडोअरला बाहेरच्या तापलेल्या हवेत टाकायची असते. त्याच्या कॉइलवर धूळ असेल तर उष्णता निघत नाही, आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो, आणि भर दुपारी, नेमकी गरज असताना, ओव्हरलोडवर बंद पडतो. सकाळी आणि रात्री चांगला चालणारा, दुपारी दोनला दमणारा एसी दिसला की आधी ही कॉइल पाहावी.

युनिट उंच भिंतीवर किंवा कठड्याबाहेर असेल तर खिडकीतून वाकून काम करू नका. ते सुरक्षा पट्टा असलेल्या माणसाचं काम. यात तडजोड नको.

हात पोचत असेल तर एमसीबी बंद करून अर्धा तास थांबा, म्हणजे कॉइल निवते. पंखा हवा मागून आणि बाजूने ओढून पुढे फेकतो, म्हणून धूळ कॉइलच्या बाहेरच्या, मागच्या अंगावर साचते. समोरून बघणाऱ्याला युनिट स्वच्छच वाटतं. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने वरचा कोरडा थर काढा. कोरडी धूळ न काढता पाणी मारलं तर तिचा चिखल होऊन खाचांत बसतो. मग वरचा पत्रा काढून पाणी आतून बाहेरच्या दिशेने मारा. पत्रा काढणं जमणार नसेल तर बाहेरून, पण धार पट्ट्यांना सरळ समोरून आणि कमी जोराची हवी. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाचा नोझल जवळ नेला तर एका झटक्यात हातभर पट्ट्या आडव्या होतात. पट्ट्या वाकल्याच असतील तर फिन कोंब नावाची प्लास्टिकची फणी मिळते, तिने वरून खाली सरळ करा. सर्किट आणि वायरच्या जोडांचा कप्पा झाकलेला असू द्या.

युनिटच्या मागे १५ ते ३० सेंटिमीटर आणि पुढे निदान ६० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. नेमका आकडा यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असतो. पुढे भिंत, वाळत घातलेले कपडे किंवा लोखंडी पट्ट्यांची दाट जाळी असेल तर फेकलेली गरम हवा फिरून मागे येते. याची खात्री करायला सावलीतलं तापमान आणि कॉइलच्या मागच्या बाजूला आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान मोजा. ते सावलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असेल तर हवा घोटाळते आहे. सावलीसाठी वर छत लावायला हरकत नाही, पण ते बरंच उंच आणि चारी बाजूंनी मोकळं असावं.

शेवटी स्टँडचे बोल्ट आवळा, गंजलेल्या सांध्यांची ठोकून परीक्षा करा आणि खालचे रबर सपाट झाले असतील तर बदला. कॉम्प्रेसरची थरथर रबराने शोषली नाही तर ती तांब्याच्या नळ्यांत जाते, आणि नळी नळीवर घासून पुढे गळती होते.

विजेचे जोड

२३० व्होल्टच्या पुरवठ्यावर दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो, दुपारी थोडा जास्त. एवढा प्रवाह तासन्‌तास वाहणार असेल तर एक ढिला स्क्रूसुद्धा जोड जाळायला पुरतो. तार एसीसाठी स्वतंत्र, तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची.

घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. एसी अर्धा तास चालवून बंद करा आणि लगेच प्लगला बाहेरून हात लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा मासळीसारखा उग्र वास येत असेल, तर आतला संपर्क ढिला आहे. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावे लागतील. जळक्या सॉकेटमध्ये नवा प्लग घातला तर तोही थोड्या दिवसांत जळतो. गळतीचा प्रवाह ओळखणारा आरसीसीबी असेल तर त्यावरचं चाचणीचं बटण दाबा. तो ताडकन पडायला हवा. पडला नाही तर तो बदलेपर्यंत इतर काम थांबवा.

याच्या आतलं काम जाणकाराकडे द्या. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) वीज बंद केल्यावरही भारित राहतो. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर सर्किटमध्ये तर ३०० व्होल्टहून जास्त दाब काही मिनिटं टिकतो. निदान दहा मिनिटं थांबून आणि मीटरने तपासूनच हात घालायचा असतो.

तंत्रज्ञ आला की त्याच्याकडून कपॅसिटर मोजून घ्या. त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५ टक्के कमी-जास्तची मुभा धरून. ४५ लिहिलेल्या कपॅसिटरवर मीटरने ४० दाखवले, तर तो आज चालला तरी भर उन्हाळ्यात दगा देणार. डोकं फुगलं असेल तर मोजायचीही गरज नाही, बदलूनच टाका. कॉम्प्रेसरचा कपॅसिटर मेला की पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर ‘घूंऽ’ करून काही सेकंदांत बंद होतो. पंख्याचा कपॅसिटर कमजोर झाला तर पंखा रेंगाळत सुरू होतो आणि कमी वेगाने फिरतो. मग कॉइल स्वच्छ असूनही यंत्र तापतं. ही लक्षणं कॉम्प्रेसर गेल्यासारखी वाटतात, आणि लहानशा भागापायी अख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो.

पुन्हा मोजा, आणि आकड्यांचा अर्थ लावा

सगळे भाग पूर्ण वाळू द्या, दोन-तीन तास तरी. मग एमसीबी चालू करून आधी अर्धा तास नुसत्या ‘फॅन’ मोडवर चालवा, नंतर पहिल्यासारखीच चाचणी घ्या. बंद करून लगेच चालू केलं तर कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटं सुरू होत नाही. तो त्याच्या बचावासाठी ठेवलेला विलंब आहे, बिघाड नाही.

फरक ७ वरून ११ वर आला तर काम झालं. फरक मोठा, म्हणजे १५–१६ अंश, पण झोत मंद असेल तर खुश होऊ नका. हवा कमी जात असल्यामुळे ती जास्त थंड होते आहे. ब्लोअर पुन्हा तपासा. फरक चांगला, झोतही चांगला, तरी खोली थंड होत नसेल तर एसीला दोष देण्याआधी दाराखालची फट, उन्हाची खिडकी आणि खोलीचं आकारमान पाहा. काचेतून येणारं ऊन बाहेरून अडवणं आतल्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता खोलीत शिरलेलीच असते.

फरक ५–६ वरच अडला असेल तर आउटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी जा. जाड नळी चांगली गार आणि दमट हवेत घामेजलेली असायला हवी. ती जेमतेम थंड असेल आणि बारीक नळीच्या जोडावर पांढरं दहिवर धरलं असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता बळावते. आतल्या कॉइलवरचा बर्फही बोलका असतो. संपूर्ण कॉइलवर सारखा पसरलेला बर्फ बहुधा हवा अडल्याचा. गॅस आत शिरतो त्या टोकाला थोडासा बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, हे गॅस कमी असल्याचं लक्षण. तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने प्रवाहही पाहावा. यंत्राच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी प्रवाह आणि गारवाही कमी असेल तर संशय पक्का होतो. प्रवाह जास्त असेल तर घाणेरडी कॉइल किंवा मंद पंखा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, म्हणून दाब आणि प्रवाह दोन्ही सक्तीच्या कूलिंग चाचणीतच, म्हणजे कॉम्प्रेसर ठरावीक वेगाने चालवूनच मोजायचे.

गॅस भरायचाच असेल तर

गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा मारणं. जोडाच्या नटांभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर बहुधा तिथेच, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहतात. नेहमीच्या जागा म्हणजे दोन्ही युनिटांजवळचे नट, व्हॉल्व्हच्या टोप्या आणि आतल्या कॉइलचे बाक.

योग्य पद्धत अशी असते. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. आर-४१०ए हा गॅस १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट, तर आर-३२ सुमारे ६७५ पट तापमानवाढ करतो. गळती दुरुस्त करून नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का, ते पाहायचं. यासाठी ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं माप आहे) खाली निर्वात करायचं आणि पंप बंद केल्यावर आकडा टिकतो का, पाहायचं. ओलावा आत राहिला तर तेलात आम्ल तयार होतं. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून पाटीवर लिहिले तेवढेच ग्रॅम भरायचे. कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या नळीपुरता असतो. नळी त्याहून लांब असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे, तेही पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं.

गॅस कोणता, हेही पाटीवरून वाचा. आर-३२ आणि आर-४१०ए यांचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतो. एकात दुसरा मिसळणं किंवा आर-२२ च्या यंत्रात हे गॅस भरणं धोक्याचं आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. या यंत्रांच्या नळ्यांवर गॅस पूर्ण काढल्याशिवाय ज्योत लावायची नसते.

तंत्रज्ञाला दोनच प्रश्न विचारा: गळती कुठे होती, आणि किती ग्रॅम भरला? फक्त ‘दाब पाहून भरला’ असं उत्तर आलं, तर काम अर्धवट आहे.

हंगाम सुरू झाल्यावर फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवावा लागतो, रस्त्यालगतच्या खोलीत दर आठवड्याला. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. तारीख, बाहेरचं तापमान, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा, प्रवाहाचे अँपिअर, कपॅसिटरचा आकडा, भरला असेल तर गॅसचे ग्रॅम, एवढं त्यावर लिहा. पुढच्या वर्षी तशाच दिवशी, धुतलेल्या एसीवर फरक ११ वरून ७ वर आलेला दिसला, तर गळती शोधायला बोलावताना हातात आकडे असतील.